पीटर पहिला बेट

अंटार्क्टिक वृत्ताच्या आत, बेलिंग्सहाउझेन समुद्रात एकटे पडलेले ज्वालामुखीजन्य बेट. स्थान ६८° ५१′ द. अक्षांश व ९०° ३५′ प. रेखांश. लांबी सु. १९ किमी., रुंदी सु. ११ किमी., क्षेत्रफळ सु. १५४ चौ. किमी. अंटार्क्टिकाचा जवळात जवळचा किनारा सु. ४५० किमी. दूर आहे. बेटाचा ९५ टक्के भाग कायम हिमनद्यांखाली असतो. मनुष्यवस्ती नाही, पूर्वीही कधी नव्हती.

ठाणेकरांना हे आकडे घरच्या मापाने ताडून पाहता येतात. क्षेत्रफळ ठाणे महापालिकेच्या हद्दीपेक्षा थोडेसेच जास्त. लांबी म्हणजे लोकलने ठाणे ते कुर्ला. उंचीचा योग तर गमतीचाच आहे. येथील लार्स क्रिस्टेन्सन शिखर १,६४० मी. आणि आपले कळसूबाई १,६४६ मी., फरक अवघा सहा मीटरचा. मात्र कळसूबाई चढणारा बारी गावातून निघतो, तेव्हा समुद्रसपाटीपासून तो आधीच बराच वर आलेला असतो. येथे पायथा म्हणजे समुद्रच. अकरा किमी. रुंदीत कळसूबाईएवढे चढायचे आणि पलीकडे पुन्हा समुद्रापर्यंत उतरायचे, अशी ही चण आहे. शिखरावर सु. १०० मी. व्यासाचे गोल विवर आहे. ज्वालामुखी कायमचा विझला की नाही, हे अजून ठरलेले नाही.

बेटावर पाय ठेवणे अवघड का, हे किनारा पाहिला की कळते. बहुतेक ठिकाणी हिमनदी थेट समुद्रात उतरते आणि तिची कड सु. ४० मी. उंच, म्हणजे घोडबंदर रस्त्यावरच्या तेरा मजली इमारतीएवढी, सरळसोट उभी असते. जिथे बर्फ नाही तिथे काळ्या खडकाचे कडे आहेत. कडेखाली होडी लावावी, तर वरून बर्फाचा तुकडा कधी कोसळेल याचा नेम नाही. वर्षातला बराच काळ भोवती तरंगत्या बर्फाचा वेढा असतो. तो फुटला तरी उतरण्याजोग्या जागा तीनच आणि मुदत उन्हाळ्यातल्या थोड्या दिवसांची. पश्चिमेस इंग्रिड भूशिराच्या दोन बाजूंना नॉर्वेगिया आणि सांडेफ्योर असे दोन उपसागर आहेत. पुळण आहे ती चिंचोळी. अलीकडच्या मोहिमा म्हणूनच हेलिकॉप्टर घेऊन जातात. हौशी रेडिओवाल्यांना या बेटाचे मोठे अप्रूप आहे आणि १९८७, १९९४ व २००६ मध्ये त्यांनी येथून संदेश पाठवले.

वनस्पती म्हणाल तर शेवाळ आणि दगडफूल. फुल्मार पक्षी, सील आणि थोडे पेंग्विन दिसतात. ठाण्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा सूर्यमानाने तेथे मध्यरात्र उलटून साधारण एक वाजलेला असतो. पण डिसेंबरअखेरीस त्या वेळीही सूर्य क्षितिजाच्या वरच असतो.

नाव कसे पडले : रशियन नौदलाचे फाबियान गॉट्लिब फॉन बेलिंग्सहाउझेन यांना ‘वोस्तोक’ आणि ‘मिर्नी’ या जहाजांवरून २१ जानेवारी १८२१ रोजी हे बेट दिसले. रशियात त्या वेळी जुने ज्युलियन कालमापन होते आणि ते आपल्या आजच्या तारखांच्या बारा दिवस मागे चाले. जुन्या नोंदीत वेगळी तारीख दिसली, तर आधी हे तपासावे. अंटार्क्टिक वृत्ताच्या आत माणसाला दिसलेली ही पहिली जमीन. बर्फामुळे जहाजांना सु. २५ किमी.च्या आत येता आले नाही. तेवढ्या अंतरावरूनच रशियन नौदल उभारणाऱ्या पीटर दि ग्रेट या सम्राटाचे नाव बेटाला दिले गेले.

पुढे काही दिवसांतच त्यांना आणखी जमीन दिसली. तिला त्यांनी गादीवर असलेल्या झारच्या नावाने ‘अलेक्झांडर पहिला भूमी’ म्हटले. तीही बेटच आहे, हे १९४० साली कळले, कारण मुख्य भूमी आणि ती यांमधली सामुद्रधुनी बर्फाने भरून गेली आहे आणि वरून सगळे सलग दिसते. बर्फाच्या प्रदेशात ‘भूमी’, ‘बेट’, ‘भूशिर’ ही नावे दिसण्यावरून पडतात. बर्फाखाली काय आहे ते नंतर समजते.

१९१० च्या जानेवारीत झां-बातिस्त शार्को या फ्रेंच संशोधकाने ‘पुर्क्वा-पा?’ (अर्थ : का नाही?) या जहाजावरून बेट पुन्हा पाहिले. १९२७ मध्ये एइविंद टॉफ्टे या नॉर्वेजियनाने ‘ऑड १’ जहाजातून त्याला प्रदक्षिणा घातली, पण उतरणे जमले नाही. अखेर २ फेब्रुवारी १९२९ रोजी ‘नॉर्वेगिया’ जहाजाच्या दुसऱ्या मोहिमेतले निल्स लार्सन आणि ओला ओल्स्टा उतरले. नाव ठेवल्यापासून पाऊल पडेपर्यंत १०८ वर्षे गेली.

आतली नावे त्यानंतरच्या नॉर्वेजियन नकाशांतून रुळली. शिखराला मोहिमेचा खर्च उचलणाऱ्या लार्स क्रिस्टेन्सन या देवमाशांच्या शिकारीतल्या जहाजमालकाचे नाव, एका उपसागराला त्याच्या गावाचे, दुसऱ्याला जहाजाचे आणि पश्चिमेकडील हिमनदीला टॉफ्टेचे. नकाशा कसला, एका पेढीची हजेरीवहीच! साष्टी हे नाव सहासष्ट गावांवरून आले आणि पाचपाखाडी म्हटले की वस्तीची मांडणीच डोळ्यांपुढे येते. येथे गाव नाही की पाखाडी नाही, त्यामुळे नावे आली ती येऊन गेलेल्यांची आणि पैसे देणाऱ्यांची.

नॉर्वेने १९३१ साली बेटावर हक्क सांगितला आणि १९३३ मध्ये ते आपले अधीन क्षेत्र केले. १९५९ च्या अंटार्क्टिक करारानुसार ६०° दक्षिणेच्या पलीकडचे असे हक्क मान्यही नाहीत आणि अमान्यही नाहीत. नावांचेही तसेच. प्रत्येक देश आपापली नावे ठरवतो आणि आंतरराष्ट्रीय नामसूची ती एकत्र नोंदवते. एकाच जागेला तीन नावे सापडली, तर ती चूक समजू नये.

मराठीत लिहिताना : सर्वांत जास्त घोटाळा रोमन अंकाचा होतो. मूळ नावातला ‘पहिला’ दाखवणारा रोमन अंक अक्षर समजून वाचला जातो आणि ‘पीटर आय बेट’ असे काहीतरी छापले जाते. रशियनमध्ये ते ‘ओस्त्रोव प्येत्रा पेर्वोवा’ आहे, म्हणजे पहिल्या पीटरचे बेट. मराठीत ‘पीटर पहिला बेट’ पुरे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळचे पीटरमान बेट निराळे, ते एका जर्मन भूगोलतज्ज्ञाच्या नावाचे आहे. नॉर्वेजियन नावांत ‘टॉपेन’ म्हणजे शिखर, ‘बुक्ता’ म्हणजे उपसागर, ‘ब्रेएन’ म्हणजे हिमनदी. ‘क्रिस्टेन्सनटॉपेन शिखर’ लिहिणे म्हणजे ‘मलंगगड किल्ला’ म्हणण्यासारखेच. बोलताना चालते, नोंदीत एकदाच पुरे.

दुसरी चूक अंश-कलांची. ६८° ५१′ म्हणजे दशांशात ६८·८५, ६८·५१ नव्हे. कलांना ६० ने भागायचे राहून गेले, तर खूण सु. ३८ किमी. उत्तरेला सरकते. बेटच १९ किमी.चे, त्यामुळे ती उघड्या समुद्रात पडते आणि ‘नकाशात बेट नाही’ अशी तक्रार येते. ‘प.’ ऐवजी ‘पू.’ पडले, तर खूण थेट अंटार्क्टिकाच्या दुसऱ्या बाजूच्या हिमपठारावर जाते. शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात हे बेट शोधू नये. त्यात दक्षिणेची कड ताणलेली असते किंवा कापलेली. दक्षिण ध्रुव मध्यभागी असलेला नकाशा घ्यावा.

भारत १९८३ साली अंटार्क्टिक करारात आला. ‘दक्षिण गंगोत्री’, ‘मैत्री’ ही आपल्या संशोधन केंद्रांची नावे तिकडे आहेत, ‘मैत्री’जवळच्या तळ्याला प्रियदर्शिनी म्हणतात. ‘मैत्री’ आहे तो क्वीन मॉड लँडचा भागही नॉर्वेच्या दाव्यातलाच. २०१२ मध्ये सुरू झालेले ‘भारती’ केंद्र ज्या किनाऱ्यावर आहे, त्याचे नाव इंग्रिड क्रिस्टेन्सन किनारा. इंग्रिड ही लार्स क्रिस्टेन्सनची पत्नी.