गरीब पालकांच्या खात्यात रोख रक्कम? टेनेसीचा कायदा असं म्हणत नाही

‘अमेरिकेत सरकार गरीब पालकांना मुलांच्या शिक्षणासाठी वर्षाला हजारो डॉलर रोख देतं, खर्च कुठे करायचा तो त्यांनी ठरवावा,’ असा समज बरीच वर्षं फिरतो आहे. मुळात असा देशव्यापी कायदा नाही. पालकांना शाळा निवडण्यासाठी निधी देणारे कायदे काही राज्यांत आहेत, आणि तेही वेगवेगळे. टेनेसी राज्याच्या ज्या २०१९च्या कायद्यात कमी उत्पन्नाची अट आहे, त्यात तर रोकड हातात येतच नाही.

राज्य एरवी सरकारी शाळेला त्या मुलामागे जो निधी देतं, तो विद्यार्थ्याच्या नावाच्या खात्यात वळवला जातो. त्यातून खासगी शाळेची फी, पुस्तकं, गणवेश, शिकवणी असे ठरलेलेच खर्च करता येतात. बदल्यात मूल सरकारी शाळा सोडतं, आणि तरीही त्याला गणित व इंग्रजीची राज्य परीक्षा द्यावीच लागते. हे फुकटचं घबाड नव्हे, सौदा आहे.

सुरुवातीला योजना नॅशविल आणि मेम्फिस या शहरांच्या परिसरापुरतीच होती. त्याच मुद्द्यावर २०२० मध्ये न्यायालयाने ती रोखली. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, तेव्हा कुठे ती सुरू झाली.

‘फक्त गरिबांसाठी’ हेही सगळीकडे खरं नाही. ॲरिझोना राज्यात २०११ मध्ये दिव्यांग मुलांसाठी सुरू झालेली अशी खाती २०२२ पासून श्रीमंतांच्या मुलांनाही खुली आहेत. तिथला खरा वाद यावरच पेटलेला आहे.