आधी भूल, मग मरण

'कुत्र्याला इंजेक्शन देऊन मोकळं केलं' असं शहरातल्या नातेवाइकाने सांगितलं की गावाकडची मंडळी कानावर हात ठेवतात. लेकरासारखं वाढवायचं आणि शेवटी सुई टोचून मारायचं? उलट, गोठ्यात आठ दिवस खाली बसलेला बैल दिसला की शहरातला पाहुणा विचारतो, याला असं तळमळत का ठेवलंय? दोघंही समोरच्याला निर्दय ठरवतात. खरं तर या भांडणात काळजापेक्षा जास्त हात आहे तो जनावराच्या वजनाचा, सुईतल्या रसायनाचा आणि मागे उरलेल्या धडाचं काय करायचं या प्रश्नाचा.

गावात जनावराचा शेवट माणूस कधी करतच नव्हता, हा पहिला गैरसमज. करत होता, फक्त स्वतःच्या गोठ्यात करत नव्हता. थकलेला बैल आठवडी बाजारात जायचा, कासरा व्यापाऱ्याच्या हातात पडायचा आणि पुढचं कोणी विचारायचं नाही. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून १९७६ च्या प्राणीरक्षण कायद्यातली हत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू झाली. गायीला ती आधीपासून होती; म्हैस आणि रेडा तिच्याबाहेर आहेत. बाजाराचा रस्ता बंद झाल्यावर कमरेत मोडलेला बैल दावणीलाच राहिला. या कायद्यात 'हत्या' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे, की असाध्य बैलालाही इंजेक्शन द्यायचं तर डॉक्टर दहादा विचार करतो.

शिवाय गावकऱ्याच्या 'थांबून बघू'मध्ये शास्त्रही आहे. व्यायल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत गाय खाली बसली, मान कुशीकडे वळवून पडली आणि कान गार लागले, तर बहुतेक वेळा तो दुग्धज्वर असतो. नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही. दुधासाठी रक्तातलं कॅल्शियम एकदम ओढलं जातं आणि स्नायू आकुंचन पावेनासे होतात. कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीची बाटली अंगाइतकी कोमट करून, छातीला स्टेथोस्कोप लावून, १५-२० मिनिटांत सावकाश शिरेतून द्यायची. घाई केली तर हृदयाचे ठोके चुकतात आणि गाय सुई शिरेत असतानाच जाते. नीट दिली तर गाय ढेकर देते, शेण टाकते आणि पुष्कळदा तासा-दोन तासांत उभी राहते. मरायला टेकलेली दिसणारी ही गाय पुढे अनेक वेतं देऊ शकते.

मात्र थांबण्यालाही घड्याळ असतं. ४०० किलोचं धड एकाच कुशीवर पडून राहिलं की खालच्या मांडीतला रक्तपुरवठा दबतो आणि सहा ते बारा तासांत तिथला स्नायू मरू लागतो. त्यातून सुटलेलं मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूतलं लाल प्रथिन, मूत्रपिंडात जातं, लघवी कॉफीसारखी काळपट होते. म्हणून दर चार तासांनी कूस बदलायची आणि खाली फरशी न ठेवता वाळू किंवा जाड पेंढा घालायचा. डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरली तर निरोगी पोटाची हालचाल मिनिटाला एक-दोनदा हाताला कळते. ती थांबली, रवंथ बंद पडला, गाय दात खाऊ लागली आणि दर श्वासाला कण्हू लागली, की आशा संपत आली असं समजायचं. शहरात कुत्र्या-मांजरांसाठी अ‍ॅलिस व्हिलालोबोस या पशुवैद्यकांची मोजपट्टी वापरतात: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर थांबायला हरकत नाही. जुना गुराखी भकाळीवर मूठ ठेवतो तेव्हा तोही गुणच देत असतो, कागदाशिवाय.

आता सुईकडे. भारतात पशुवैद्यक बहुधा थायोपेंटोन हे भुलीचं औषध वापरतात; जगभर प्रमाण मानलं गेलेलं पेंटोबार्बिटल इथं सहज मिळत नाही. दोन्ही बार्बिट्युरेट कुळातली. मेंदूतल्या पेशी एकमेकींना मुख्यतः दोन निरोप देतात: 'पेट' आणि 'गप्प बस'. गप्प बसवणाऱ्या मुख्य रेणूचं नाव गाबा. तो जिथे बसतो तो ग्राही म्हणजे पेशीच्या पडद्यात वर्तुळात उभे केलेले प्रथिनांचे पाच खांब आणि मधोमध एक बोगदा. गाबा बसला की बोगदा उघडतो आणि क्लोराइडचे ऋणभारित आयन आत शिरतात. पेशीचा आतला भाग आधीच बाहेरच्या तुलनेत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. तो आणखी उणे होतो आणि पेशी पेटेनाशी होते.

डायझेपामसारखं झोपेचं औषध याच ग्राहीवर दुसऱ्या जागी बसतं आणि दार जास्त वेळा उघडायला लावतं. मात्र त्यासाठी गाबा हजर असावा लागतो, म्हणून त्याच्या परिणामाला मर्यादा आहे. बार्बिट्युरेट उघडलेलं दार धरून ठेवतं. मात्रा वाढली की त्याला गाबाचीही गरज उरत नाही, ते स्वतःच दार उघडतं. वर 'पेट' म्हणणाऱ्या ग्लुटामेटच्या एका ग्राहीलाही ते दाबतं. त्यामुळे या कुळाच्या परिणामाला वरची मर्यादा नाही, आणि भूल म्हणून सुरू झालेला परिणाम मरणापर्यंत नेता येतो.

इथे क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी विझतं ते प्रमस्तिष्काचं बाह्यक, म्हणजे जिथे वेदना 'जाणवते' ती जागा. शिरेतून दिलं तर अर्ध्या मिनिटात शुद्ध जाते. त्यानंतर मस्तिष्कस्तंभातली, म्हणजे मेंदूच्या बुडातली, श्वासाचा ताल धरणारी पेशीजाळी थांबतात. हृदय सर्वांत शेवटी, कारण त्याच्या ठोक्याची ठिणगी त्याच्याच भिंतीतल्या गाठीत पडते, मेंदूची परवानगी त्याला लागत नाही. म्हणून श्वास थांबल्यावरही ठोका काही मिनिटं ऐकू येतो.

याच क्रमावर बाकीचे मार्ग तोलून बघावेत. मॅग्नेशियम सल्फेटचं दाट द्रावण नुसतं दिलं तर ते मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियमची वाट अडवतं, तिथून स्नायूला हलायचा निरोप देणारं असिटिलकोलिन सुटत नाही आणि स्नायू लुळे पडतात. छाती हलत नाही, पण बाह्यक जागं असतं. बाहेरून अगदी शांत दिसतं, आत गुदमरणं चालू असतं. ते वापरायचंच तर खोल भूल चढल्यावर. गावात भाकरीतून घातलं जाणारं कीटकनाशक उलट्या दिशेने तेच करतं: ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं असेल तर असिटिलकोलिन मोडणारं विकर (एन्झाइम) अडतं, ते साचत जातं आणि लाळ, जुलाब, आचके सुरू होतात. बाह्यक इथंही जागंच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने हृदयात स्ट्रिक्नीन टोचून मारणं नाव घेऊन गुन्हा ठरवलं आहे, त्यामागे हाच जागेपणा आहे.

थायोपेंटोनची स्वतःची खोड आहे. ते चरबीत पटकन विरघळतं. मेंदूला रक्त भरपूर जातं म्हणून आधी तिथे पोचतं, मग रक्तच त्याला मेंदूतून काढून स्नायूंकडे आणि नंतर चरबीकडे नेतं. मात्रा अपुरी पडली तर यकृताने काही करण्याआधीच, १०-१५ मिनिटांत, कुत्रं डोळे उघडतं. दुसरी अडचण शिरेची. आठवडाभर न खाल्लेल्या, अंगातलं पाणी आटलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या शिरा चपट्या होतात. थायोपेंटोनचा सामू (pH) दहाच्या वर असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असतं. शिरेबाहेर सांडलं तर ऊतक जळतं आणि कुत्रं किंचाळतं. म्हणून चांगला डॉक्टर आधी गुंगीचं इंजेक्शन देतो, पुढच्या पायावरचे केस काढून शिरेत कॅन्युला ही बारीक नळी बसवतो, सलाइन सोडून ती शिरेतच आहे ना हे पाहतो आणि मगच औषध भरतो. गुंगीसाठी झायलाझीन वापरलं असेल तर रक्ताभिसरण मंदावतं आणि पुढचं औषध पोचायला वेळ लागतो. त्या मिनिटभरात घरचे घाबरतात. शेवटी बुबुळाला हलका स्पर्श करून पापणी मिटते का बघायचं आणि पाच मिनिटं छाती ऐकायची.

नंतर डोळे उघडेच राहतात, कारण पापणी मिटायला स्नायूने काम करावं लागतं. लघवी होते, कारण मूत्राशयाचं तोंड सैल पडतं. एक-दोन मोठे आचके येऊ शकतात; मस्तिष्कस्तंभातल्या शेवटच्या पेशी अधूनमधून पेटतात, तोवर बाह्यक कधीच विझलेलं असतं. त्या आचक्यावरून 'जीव अडकला होता', 'कोणाची तरी वाट बघत होता' म्हणणाऱ्यांना इतकंच सांगावं. पांगळ्या बैलाला तापल्या सळईने डाग देणारे गावात आहेत, तसे मूत्रपिंडं निकामी झालेल्या मांजरावर दुरून 'ऊर्जा' सोडण्याचे पैसे घेणारे शहरात आहेत. डाग तरी फुकटात देतात.

मग ही सुई गोठ्यात का पोचत नाही? एक तर प्रमाण. मात्रा वजनावर ठरते. थायोपेंटोन अर्ध्या किंवा एक ग्रॅमच्या कुपीत पूड म्हणून मिळतं. १५ किलोच्या कुत्र्याचं काम थोडक्यात होतं, ४०० किलोच्या बैलाला कुप्यांचा ढीग विरघळवत बसावं लागतं. दुसरं, माणूस. गावाकडच्या श्रेणी-२ च्या सरकारी पशुदवाखान्यात सहसा पशुधन पर्यवेक्षक असतो, पदवीधर पशुवैद्यक नाही, आणि हा निर्णय व ही सुई पर्यवेक्षकाची नव्हे. १९६२ वर फोन करून फिरता दवाखाना बोलावता येतो, पण तो येतो उपचारासाठी.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं: धड. शहरात ते दहनाला जातं. गावात मोठं जनावर माळावर ओढून टाकायची रीत आहे, तिथे कुत्री, कोल्हे आणि नशीब असेल तर गिधाडं येतात. पेंटोबार्बिटल धडात सहज मोडत नाही. वर्षभर कुजलेल्या ढिगातही ते सापडलं आहे आणि अमेरिकेत अशी धडं खाऊन गरुड मेल्याच्या नोंदी आहेत. गिधाडांनी भारतात जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा फटका आधीच खाल्लाय. २००४ मध्ये कारण उजेडात आलं, २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, तरी संख्या सावरलेली नाही. रायगडमध्ये फणसाड अभयारण्याच्या आसपास गिधाडं टिकवायची धडपड चालू असताना अशी सुई देऊन मारलेला बैल माळावर टाकणं म्हणजे तिथे विष मांडून ठेवणं. सुई दिली तर धड खोल पुरायचं, वर तीन-चार फूट माती हवी, आणि विहिरीपासून लांब. त्यासाठी जेसीबीचं भाडं कोण देणार, हा प्रश्न दयेइतकाच खरा आहे.

हा वाद आजचाही नाही. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात असाध्य वासराला गांधीजींनी इंजेक्शन देऊन मरू दिलं, तेव्हा त्यांच्यावर संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला होता.

एका बाबतीत मात्र गाव आणि शहर दोघंही घाईने चुकतात: चावलेलं कुत्रं. गावात त्याच्या डोक्यात काठी घालतात, शहरात मालक त्याच संध्याकाळी इंजेक्शन मागतो. चावलेलं कुत्रं बांधून दहा दिवस पाहायचं असतं. तेवढे दिवस ते धडधाकट राहिलं तर चावताना लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता. जखम लगेच साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि लस त्याच दिवशी सुरू करायची, तिने या दहा दिवसांची वाट बघायची नाही. कुत्र्यात लक्षणं दिसली आणि ते मेलं किंवा मारावं लागलं, तर तपासणीला मस्तिष्कस्तंभ आणि लहान मेंदू शाबूत लागतो. डोकं बर्फात, डबल पिशवीत, जाड हातमोजे घालून डॉक्टरनेच काढून पाठवायचं. काठीने फुटलेल्या कवटीतून प्रयोगशाळेला काही सांगता येत नाही.