पाठ नको, पोट पाहा

‘हा कोळी विषारी आहे का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर जवळजवळ नेहमीच ‘हो’ असतं. जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि विषग्रंथीच नसलेले कोळी त्यांत मोजकेच. पण हे विष किडे मारण्यासाठी असतं. बहुतेकांचे दात आपल्या कातडीत नीट रुततही नाहीत. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की हा आपल्याला बाधेल का?

आकार आणि रंग इथे फसवतात. वर्तुळाकार देखणं जाळं विणून मधोमध बसलेला हातभर पायांचा कोळी पाहून आपण दचकतो, आणि तो बिचारा सहसा निरुपद्रवी निघतो. ब्लॅक विडो या खरोखर बाधणाऱ्या काळ्या कोळ्याची मादी मात्र पाय सोडून जेमतेम सेंटिमीटरभर. दगडाखाली, लाकडांच्या ढिगात, उपड्या पडलेल्या कुंडीत तिचं जाळं असतं. त्याला ना आकार ना उकार, नुसता गुंता. पण काडीने ओढून पाहिलं तर धागे चिवट लागतात, तुटताना चरचरतात. ती त्यात उलटी लटकते, म्हणून पोटावरची डमरूच्या आकाराची लाल खूण वरून दिसते.

पण या खुणेवरही डोळे मिटून विसंबू नये. पिल्लांच्या अंगावर पांढरे पट्टे असतात, काही जातींत डमरू तुटका असतो, तर ऑस्ट्रेलियातल्या रेडबॅक या विडोच्याच भाऊबंदाच्या पाठीवरही लाल पट्टा असतो. शिवाय स्टिएटोडा नावाचे नातलग तसेच गोल, तसेच काळपट. त्यांना डमरू नसतो इतकंच.

ब्राऊन रेक्लूस या दुसऱ्या बाधणाऱ्या कोळ्याच्या बाबतीत सगळे पाठीवरचा व्हायोलिनच्या आकाराचा डाग शोधतात. माझ्या मते ही खूण मदतीपेक्षा घोटाळाच जास्त करते, कारण तसा डाग इतर अनेक कोळ्यांवरही दिसतो. त्यापेक्षा डोळे मोजावेत. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, याला सहा, तेही जोडीजोडीने: एक जोडी समोर, दोन बाजूंना. पायांवर पट्टे किंवा जाड काटे दिसले, तर तो रेक्लूस नव्हे. लांबूनच फोटो काढून मोठा करून पाहिला की हे कळतं; बोट जवळ न्यायची गरज नाही.

विडोत भ्यायचं ते मादीला. सिडनीच्या फनेल-वेब या जहाल कोळ्यात उलट, तिथे नराचं विष जास्त जहाल, आणि मादीच्या शोधात भटकतोही तोच. त्यावरचा प्रतिविषाचा उपचार १९८१ मध्ये आला, त्यानंतर या कोळ्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही.

विडो किंवा रेक्लूस चावलाच तर जागा साबण-पाण्याने धुवावी, बर्फाने शेकावी. चिरू नये, चोखू नये. विडोचं विष मज्जातंतूंच्या टोकांतली रसायनं एकदम बाहेर सोडायला लावतं, त्यामुळे स्नायू आखडतात, पोट लाकडासारखं कडक होतं. अशा वेळी तडक दवाखाना गाठावा, आणि कोळ्याचा फोटो असेल तर तो डॉक्टरांना दाखवावा. कोळी कोणी पाहिलेलाच नसेल, तर चिघळलेली जखम कोळ्याच्या माथी मारण्याआधी ती तपासून घ्यावी; पुष्कळदा तो जंतुसंसर्ग निघतो.