शाळेतली डोळे तपासणी आणि डॉक्टरांकडची पूर्ण तपासणी

"डोळे? शाळेत तपासले ना, नॉर्मल निघाले." नागपुरात शाळकरी मुलांच्या आईवडिलांशी बोलताना हे उत्तर हमखास मिळतं. ऐकलं की मला माझी भाची आठवते.

तेव्हा ती दुसरीत होती. शाळेच्या व्हरांड्यात तक्ता टांगलेला, मुलं रांगेत उभी. तिचा नंबर येईपर्यंत पुढच्या मुलांनी तीच अक्षरं इतक्यांदा मोठ्याने वाचली होती की शेवटची ओळ तिला पाठ झाली. उजवा डोळा झाकायला सांगितल्यावर तिने तळहात धरला आणि बोटांच्या फटीतून त्याच डोळ्याने वाचलं. यात लबाडी नव्हती. तिला ती परीक्षा वाटली होती आणि नापास व्हायचं नव्हतं. कार्डावर 'सामान्य' लिहून आलं. चार महिन्यांनी डोळे लाल झाले म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कळलं की डाव्या डोळ्याला प्लस साडेचार नंबर आहे.

शाळेत होते ती चाळणी. शेकडो मुलांतून कोणाला डॉक्टरांकडे पाठवायचं एवढंच तिथे ठरतं. एका मुलाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. सहा मीटरवरचा तक्ता, एकेक डोळा झाकून वाचन, टॉर्चने वरवरची नजर, बस. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून त्याची पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतात आणि बाकी तब्येतीसोबत डोळेही बघतात. हे काम मोलाचं आहे. फळ्यावरचं न दिसणारी, म्हणजे मायनस नंबरची कितीतरी मुलं त्यातूनच सापडतात. चाळणीत अडकलेल्या मुलाला तर डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. आपली चूक होते ती चाळणीतून सुटलेल्या मुलाच्या बाबतीत.

तक्ता लांबचा असतो आणि प्लस नंबरचं, म्हणजे जवळचं बघायला जास्त जड जाणारं मूल लांबचा तक्ता खुशाल वाचतं. लहानपणी डोळ्यातलं भिंग लवचिक असतं. आतला स्नायू ताण देऊन त्याला फुगवतो आणि धूसर चित्र स्पष्ट करून घेतो. तक्त्यापुढे हा ताण दोन मिनिटं पुरतो, गृहपाठाच्या वहीपुढे तासभर पुरत नाही. मग डोकं दुखतं, ओळ सुटते, मूल पुस्तक मिटून उठतं आणि घरी आपण म्हणतो, "अभ्यासात लक्षच नाही याचं."

हा ताण काढून खरा नंबर बघायचा तर डोळ्यात औषध घालावं लागतं. दोन्ही तपासण्यांतला सगळ्यात मोठा फरक हाच. थेंबांनी तो स्नायू काही वेळ सैल पडतो आणि बाहुली मोठी होते. मग डॉक्टर अंधाऱ्या खोलीत डोळ्यावर प्रकाशाची पट्टी हलवत, समोर एकेक भिंग धरत नंबर काढतात. मुलाने काही वाचून दाखवायची गरजच नसते, त्यामुळे अक्षरं पाठ असून उपयोग नाही आणि अक्षरओळख नसलेल्या मुलाचाही नंबर निघतो. पुढे एकेक डोळा आलटून पालटून झाकून लपलेला तिरळेपणा बघतात आणि मोठ्या झालेल्या बाहुलीतून मागचा पडदा तपासतात.

भाचीचं निदान आळशी डोळा असं झालं. एका डोळ्याला जास्त नंबर असला की मेंदू त्याचं धूसर चित्र बाजूला सारतो आणि चांगल्या डोळ्यावर सगळं भागवतो. मूल तक्रार करत नाही, कारण दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसायला हवं हे त्याला माहीतच नसतं. खेळतं, पळतं, टीव्ही बघतं. उपाय म्हणजे चष्मा आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. सात-आठ वर्षांच्या आत सुरुवात झाली तर उत्तम गुण येतो. उशीर होईल तसं अवघड जातं. म्हणून शाळेच्या पुढच्या तपासणीपर्यंत वर्षभर थांबणं मला परवडणारं वाटत नाही.

चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा नंबरही पूर्ण तपासणी नव्हे. यंत्रात बघताना मूल नकळत ताण देतं आणि औषधाशिवाय मायनस जास्त निघू शकतो.

शाळेत घालण्याआधी, तीन-चार वर्षांचं असताना एकदा पूर्ण तपासणी करा, मग दर एक-दोन वर्षांनी. चष्मा असेल तर दरवर्षी. खासगीत जमत नसेल तर नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, दोन्हीकडे नेत्र विभाग आहे. गरजू विद्यार्थ्यांना राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून चष्मा मोफत मिळतो.

वेळ मात्र बघून ठरवा. थेंबांनंतर जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. साधारण एक-दोन दिवसांत उतरतं, पण अ‍ॅट्रोपिनचं मलम दिलं तर दहा-पंधरा दिवसही लागतात. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तशा डोळ्यांनी लेकराला बाहेर काढणं म्हणजे हालच, आणि घटक चाचणीच्या आठवड्यात तर वाचताच येणार नाही. भाचीची तपासणी आता दिवाळीच्या सुट्टीत असते. निघताना आम्ही टोपी आणि काळा चष्मा सोबत घेतो, आणि मागच्या वेळी झाकायची पट्टी तिने स्वतःच डॉक्टरांच्या हातून घेऊन उजव्या डोळ्यावर घट्ट धरली.