मैत्रिणीला घेऊन नरसापूरला चला, क्रोशाच्या गावी

रुखवतात मांडलेले क्रोशाचे रुमाल आणि तोरणं आपल्यापैकी अनेकींच्या घरी अजून जपलेली आहेत. ती विणणारी सुई मात्र कपाटात पडून असते. ती पुन्हा हातात घ्यावीशी वाटणाऱ्या, किंवा नुसतं उत्तम काम जवळून पाहायची आवड असणाऱ्या मैत्रिणींसाठी आम्ही ही छोटी सहल आखली आहे. ठिकाण आहे आंध्र प्रदेशाच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातलं नरसापूर.

नगरसोल-नरसापूर एक्स्प्रेस छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करत थेट तिथे पोहोचते. गाडी बदलावी लागत नाही आणि नरसापूर हेच शेवटचं स्थानक. एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराच भाग प्रवासात जातो. मुक्काम दोन रात्रींचा.

दोघीच का?

मोठा गट आम्ही नेत नाही. एका वेळी दोघी, फार तर दोन जोड्या. नरसापूरची लेस, म्हणजे हे क्रोशाचं जाळीदार विणकाम, मोठ्या कारखान्यात नाही, घराघरांत विणली जाते. स्वयंपाक आटोपला की बायका ओसरीवर सुई-दोरा घेऊन बसतात. तिथे वीस जणी शिरल्या तर काम थांबतं आणि घराचं प्रदर्शन होतं. दोघी असल्या की शेजारी बसता येतं, हात नीट दिसतो, आणि एकीच्या नजरेतून सुटलेला टाका दुसरी टिपते. म्हणून पहिली पूर्ण सकाळ आम्ही फक्त बसण्यासाठी ठेवली आहे. सोबत तेलुगू आणि हिंदी येणारी स्थानिक ताई असते.

तिथे काय पाहाल

1844 च्या सुमारास मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी जोडप्याने इथल्या बायकांना लेस शिकवली, असा या कामाचा इतिहास सांगितला जातो. पुढे ती गोदावरीच्या खोऱ्यातल्या गावांत पसरली आणि इथून युरोप-अमेरिकेत जाऊ लागली. 2024 साली नरसापूरच्या क्रोशाला भौगोलिक मानांकन मिळालं. पश्चिम गोदावरी आणि कोनसीमा या जिल्ह्यांतली 19 मंडलं (आपल्या तालुक्यांसारखे विभाग) त्यात येतात.

काम सुती दोऱ्याचं. दोऱ्याचा नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. साखळी, मुका खांब, खांब हे आपल्याला माहीत असलेलेच टाके, पण इथला हात इतका सारखा चालतो की गोल फुलाची एकही पाकळी ओढली जात नाही. बरेचदा एक जण फुलं विणते आणि दुसरी ती जोडून टेबलक्लॉथ किंवा पलंगपोस तयार करते. जोडकाम अवश्य बघा. आमच्या मते खरं कसब तिथे आहे, कारण शेकडो फुलं जोडूनही कापड सपाट पडलं पाहिजे.

खरेदी करताना

बाजारात यंत्राची लेसही मिळते, म्हणून वस्तू उलटी करून पाहा. हाताच्या क्रोशात फुलाच्या मध्यापासून फेरे मोजता येतात, दोऱ्याचं टोक कुठेतरी आत ओवून लपवलेलं सापडतं आणि दोन फुलांत किंचित फरक असतो. यंत्राच्या नकलेत कडेला कापलेल्या दोऱ्यांची लव दिसते आणि प्रत्येक फूल तंतोतंत सारखं असतं.

किमतीत घासाघीस करू नका, ही आमची मनापासून विनंती. या बायकांना नगावर पैसे मिळतात. व्यापारी दोरा देतो, मध्यस्थ माल गोळा करतो आणि विणणारीच्या हाती थोडंच उरतं. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1982 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच मांडलं होतं: दिवसभर विणणाऱ्या बाईलाही 'घरी बसलेली' समजलं जातं, आणि म्हणूनच तिची मजुरी कमी राहते. तुमच्यासोबत बसण्यात जिचा वेळ जातो, तिला त्या वेळाचे पैसे आम्ही सहलीच्या खर्चातूनच देतो. वस्तू शक्यतो थेट विणणारीकडून किंवा महिलांच्या सहकारी संस्थेतून घ्या. नमुन्याचा फोटो काढण्याआधी विचारा.

दुसरा दिवस

नावेने वसिष्ठ गोदावरी ओलांडून अंतर्वेदीला जाऊ. लक्ष्मीनरसिंहाचं देऊळ आहे आणि तिथेच नदी बंगालच्या उपसागराला मिळते. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी आपली गोदावरी इथे किती रुंद होते, ते पाहण्यासारखं आहे. परतताना कोनसीमेतल्या आत्रेयपुरमची पूतरेकुलू मिळाली तर जरूर घ्या: तांदळाच्या कागदासारख्या पातळ पापडीत तूप आणि साखर किंवा गूळ भरलेली मिठाई.

कधी यावं, काय आणावं

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हवा चांगली असते. संक्रांतीचा आठवडा मात्र टाळा. गोदावरी जिल्ह्यांत तो सगळ्यात मोठा सण, त्यामुळे गाडीत जागा मिळत नाही आणि खोल्याही महागतात. उन्हाळ्यात दमट उकाड्यामुळे सुई हातात घसरते, म्हणून मार्चनंतर आम्ही सहल घेत नाही.

सोबत आपली नेहमीची सुई आणि घरातलं जुनं क्रोशाचं एखादं काम आणा. ते पाहून तिथल्या बायका लगेच नमुना ओळखतात आणि पुढचा फेरा कसा घ्यायचा ते दाखवतात. विकत घेतलेली लेस घरी सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून धुवा, पिळू नका, टॉवेलवर टाचण्या लावून पसरून वाळवा. पातळ पेजेची खळ दिली तर आकार टिकतो.

नाव नोंदवताना दोघींना कोणते टाके येतात ते कळवा. त्यानुसार कोणाच्या ओसरीवर बसायचं ते आम्ही ठरवतो.