पेपर पॅटर्नवरून साधा वनपीस बेतणे

तयार पेपर पॅटर्न अंगाच्या मापाप्रमाणे आणि हव्या त्या आकाराप्रमाणे बदलून कपडा बेतणे, ही घरगुती शिवणकामातली रुळलेली पद्धत आहे. वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये अमेरिकेत विक्रीला आणले. साध्या, बिनचेनच्या वनपीससाठी नवा ड्राफ्ट काढायची गरज नसते. नीट बसणारा टॉपचा पॅटर्न खाली वाढवला की काम होते.

पॅटर्न छातीच्या मापावरून निवडावा. कंबर आणि सीट (नितंबाचा घेर) बाजूच्या शिवणीत सहज कमीजास्त करता येतात. खांदा, गळा, मुंढा (बाही जोडायचा गोल भाग) चुकला तर दुरुस्ती फार जिकिरीची. साइजच्या नंबरावर विसंबू नये, माया (शिवणीसाठी सोडलेली जादा कड) वगळून कागदच मोजावा. न ताणणाऱ्या कापडात छातीला अंगाच्या मापापेक्षा ६ ते १० सेंमी ढिलाई हवी. होजिअरीच्या (ताणणाऱ्या विणीच्या कापडाच्या) टॉपचा पॅटर्न सुती कापडाला चालत नाही, कारण त्यात ही ढिलाई धरलेलीच नसते.

मूळ पॅटर्न न कापता ब्राउन पेपरवर उतरवून घ्यावा. मधली रेषा सरळ खाली न्यावी. कंबरेखाली १८ ते २० सेंमीवर सीटची रेषा येते. तिथली रुंदी म्हणजे सीट अधिक ६ सेंमी, भागिले ४. सीट ९६ असेल तर २५.५ सेंमी. तिथून तळापर्यंत बाजूची रेषा ६ सेंमी बाहेर काढली की बेताचा घेर मिळतो. तळाची रेषा बाजूच्या टोकाला सुमारे १ सेंमी वर उचलून गोलाई द्यावी, नाहीतर दोन्ही बाजूंना टोके लोंबतात. कंबरेचे टक्स (आकारासाठी घातलेल्या निमुळत्या चिमट्या) सोडून द्यावेत. छातीचा टक्स मात्र ठेवावा, आणि त्याचे टोक उंचवट्याच्या २ ते ३ सेंमी अलीकडे थांबवावे.

छाती ४ सेंमी वाढवायची असेल तर पुढच्या-मागच्या अर्ध्या भागांना बाजूने १-१ सेंमी द्यावा आणि बाहीच्या शिवणीतही दोन्हीकडे तेवढाच वाढवावा. घडीच्या (म्हणजे मधल्या) रेषेवर वाढ दिली तर गळाही रुंद होतो. घडीवर चुकून १.५ सेंमी माया धरली, तरी गळा ३ सेंमी फाकतो आणि कपडा खांद्यावरून उतरू लागतो. नवशिक्यांची ही सर्वांत नेहमीची चूक आहे. बिनबाह्यांचा वनपीस हवा असल्यास मुंढा १ ते १.५ सेंमी वर घ्यावा.

चेन नसल्याने गळ्याचा पूर्ण घेर डोक्याच्या घेरापेक्षा मोठा हवा: डोके ५७ सेंमी असेल तर गळा किमान ६०. लहान गळाच आवडत असेल तर पाठीला १५ सेंमी चीर देऊन बटण लावावे.

कापड आधी धुऊन, इस्त्री करून घ्यावे. ११२ सेंमी पन्ह्याला (कापडाच्या रुंदीला) वनपीसच्या दोन लांब्या लागतात. १४० च्या पन्ह्यात दोन्ही काठ मध्यावर आणून दुमडले की ३५-३५ सेंमीच्या दोन घड्या मिळतात आणि वर सांगितलेला ३३ सेंमीचा भाग (२५.५, ६ आणि माया १.५) बाह्या नसतील तर एकाच लांबीत बसतो. उभा धागा मधल्या रेषेला समांतर हवा. तो तिरका गेला तर धुतल्यावर कपडा पीळ खातो. महागाचे कापड असेल तर आधी मांजरपाटावर नमुना शिवून पाहणे केव्हाही श्रेयस्कर.

कापल्याबरोबर, इतर काही जोडण्याआधी, गळ्याच्या कडेपासून १.२ सेंमीवर एकेरी टीप घालावी. गोलाईत कापड तिरपे असते. हाताळताना ताणले गेले की गळा पुढे उभा राहतो, आणि ताणलेला गळा इस्त्रीने क्वचितच बसतो. मग टक्स, खांदे, गळ्याची उरेब (तिरपी कापलेली) पट्टी, बाही आणि शेवटी बाजू, या क्रमाने शिवावे. पट्टी लावल्यावर गोलाईच्या मायेला टिपेपर्यंत, पण टीप न तोडता, बारीक काप द्यावेत. तळ दुमडण्याआधी कपडा रात्रभर टांगून ठेवावा आणि लांबी पुन्हा सारखी करावी. घेरदार तळाला २ सेंमीपेक्षा रुंद दुमड घेऊ नये, वरच्या कडेला चुण्या पडतात.