फाइल ७७ केबीची, चिप ३२ केबीची: मावते कशी?

रावेर, यावल, चोपड्याकडचे आमचे वायरमन आणि डीलर मंडळी मोबाइल स्टार्टरचं (मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणाऱ्या यंत्राचं) अपडेट मिळालं की हमखास फोन करतात: "भाऊ, फाइल मोठी आहे, चिपमध्ये बसणार नाही." बसते. फाइलचा आकार आणि चिपमध्ये लागणारी जागा हे दोन वेगळे आकडे आहेत.

आम्ही पाठवतो ती हेक्स फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडून बघा, अक्षरांच्या ओळीच ओळी दिसतील. एका ओळीत चिपमध्ये जाणारा माल फक्त १६ बाइट. पण एक बाइट लिहायला दोन अक्षरं लागतात, म्हणजे तिथेच ३२ झाली. शिवाय सुरुवातीचा कोलन १, बाइट किती ते सांगणारी २, पत्त्याची ४, प्रकाराची २, चेकसमची (ओळ बरोबर आहे का ते तपासणाऱ्या आकड्याची) २ आणि ओळ संपल्याची न दिसणारी २. एकूण ४५. केळीचा ट्रक काट्यावर चढवला की गाडीचं वजनही धरलं जातं, तसंच हे. २८,००० बाइटच्या प्रोग्रॅमची फाइल त्यामुळे ७७ केबीच्या आसपास जाते. लिहिताना सॉफ्टवेअर वरचा सगळा पसारा काढून टाकतं आणि २८,००० बाइटच चिपमध्ये उतरवतं.

आमच्या बोर्डावरच्या अ‍ॅटमेगा ३२८पी चिपची फ्लॅश, म्हणजे प्रोग्रॅम साठवायची जागा, ३२,७६८ बाइटची. त्यातले ५१२ बूटलोडर (केबलवरून आलेला प्रोग्रॅम चिपमध्ये उतरवणारा छोटा प्रोग्रॅम) घेतो, उरतात ३२,२५६. खरा हिशोब या आकड्याशी लावायचा. अपडेट मारताना स्क्रीनवर किती बाइट फ्लॅश लिहिली ते येतं, तो आकडा बघा. फोल्डरमध्ये दिसणारा केबीचा आकडा सोडून द्या.

जागा खरी कुठे जाते? मेसेजमध्ये. इंग्रजी लिपीत 'मोटर ऑन' लिहिलं तर ८ बाइट. 'मोटर चालू झाली' हे देवनागरीत ३८, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. अहिराणीत मेसेज द्या, अशी बऱ्याच जणांची मागणी आहे आणि आम्हालाही ते आवडेल. पण मराठी आणि अहिराणी दोन्ही एकाच चिपमध्ये कोंबायच्या म्हटल्या तर दाटी होते. त्यात रॅम, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लागणारी तात्पुरती जागा, अवघी २ केबी. मजकूर फ्लॅशमध्येच ठेवायची काळजी प्रोग्रॅममध्ये घेतली नाही तर तो रॅममध्येही जाऊन बसतो आणि फ्लॅश रिकामी असूनही स्टार्टर मधेच रीसेट होतो.

सेव्ह केलेले मोबाइल नंबर आणि टायमर ईईप्रॉम नावाच्या, वीज गेली तरी टिकणाऱ्या वेगळ्या जागेत असतात, १,०२४ बाइटच्या. यूएसबी केबलने बूटलोडरमार्फत अपडेट केलं तर ते पुसले जात नाहीत. वेगळा प्रोग्रॅमर (चिपवर थेट लिहिणारं उपकरण) लावून चिप इरेज केली तर मात्र जाऊ शकतात, म्हणून आधी वहीत उतरवून घ्या.

वायफायच्या नव्या मॉडेलला बिन (.bin) फाइल येते. तिच्यात हेक्ससारखा पसारा नसतो, त्यामुळे फाइल आणि फ्लॅश यांचे आकडे जवळपास जुळतात. पण इंटरनेटवरून अपडेट घ्यायचं तर जुना प्रोग्रॅम चालू ठेवून नवा शेजारी उतरवावा लागतो, म्हणजे जागा दोघांची हवी.

फाइल मोठी आहे याची चिंता नको, अर्धवट आहे का ते बघा. शेतात रेंज गेली की डाउनलोड तुटतं. हेक्स फाइलची शेवटची ओळ ठरलेली असते: कोलन, सात शून्यं, एक, आणि शेवटी एफ एफ. ती दिसली नाही तर अपडेट मारू नका, फाइल पुन्हा मागवून घ्या.